कूतहून जे परत आले

सातारा, रत्नागिरी, नगर या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत चावडीच्या भिंतीत किंवा वेशीजवळ एक पाटी बसवलेली दिसते. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर कोरलेलं असतं. सरकारी साचा एकच, आकडे तेवढे गावागणिक वेगळे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. त्या एका गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली. मी शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा मुलांना अशा पाट्या वाचायला लावायची आणि मग एक वजाबाकी करायला सांगायची. गेलेल्यांतून मेलेले वजा केले की जे उरतात ते परत आलेले. त्यांच्याविषयी पाटी गप्प आहे. त्यांचं काय झालं, हे मला लिहायचं आहे.

माझ्या सासरी असे एक परत आलेले गृहस्थ होऊन गेले. माझ्या सासऱ्यांचे वडील, घरात त्यांना थोरले आबा म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना जाऊन बराच काळ लोटला होता, पण त्यांच्यासाठी केलेले नियम घरातल्या बायकांच्या तोंडी अजून होते. सासूबाईंना ते त्यांच्या सासूने सांगितलेले. "आबास्नी झोपेतनं हात लावून उठवायचं न्हाई. उंबऱ्याच्या अल्याड हुबं ऱ्हायाचं आन् हाक मारायची." त्यांच्या बायकोला तर नवऱ्याचं नावही घेता येत नव्हतं. मग ती धाकट्या पोराला पुढे करायची, आणि पोर झोपलेलं असलं तर गोठ्यातल्या म्हशीशी मोठ्याने बोलायला लागायची, म्हणजे आबा आपसूक जागे व्हावेत. दुसरा नियम भाकरीचा. आबांच्या ताटात भाकरी मोजून वाढायची नाही, टोपलीच पुढ्यात ठेवायची. त्यांच्या अंथरुणाच्या उशाशी वाळलेले भाकरीचे तुकडे सापडले तर ते मुकाट्याने जागच्या जागी ठेवायचे. आणि जेवताना त्यांच्या पाठीमागून कुणी जायचं नाही.

हे असं का, ते घरात कुणी सांगत नसे, कारण कुणालाच पुरतं ठाऊक नव्हतं. आबा बसऱ्याला होते, कैदेत होते, रेल्वेचं काम करत होते, एवढंच. पुढे मी इराकमधल्या कूत या गावाच्या 1915-16 च्या वेढ्याविषयी मिळेल ते वाचत गेले, तेव्हा चुलीपुढचे ते नियम मला एकामागोमाग एक समजू लागले.

ज्या फौजेतून आबा गेले तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. 103 मराठा लाइट इन्फंट्री, 110 मराठा लाइट इन्फंट्री आणि आबांची 117 मराठा अशा तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. जोडीला पंजाबी, राजपूत, गुरखे आणि डॉर्सेट, नॉरफोकसारख्या गोऱ्या पलटणी. सेनापती मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. महिन्याला अकरा रुपये पगारावर आमच्या दुष्काळी पट्ट्यातली आणि कोकणातली पोरं त्या काळी शिपाई म्हणून भरती होत. सावकाराचं व्याज, वाटण्या होऊन उरलेलं तुकडाभर रान आणि न पडणारा पाऊस, यातून दोन वाटा फुटत होत्या. एक मुंबईच्या गिरणीची, दुसरी पलटणीची. शौर्याच्या कथा आपण आवडीने सांगतो. सांगाव्यातच. पण भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराच्या पाठीमागे घरचं रिकामं कणगं होतं, हेही त्याच दमात सांगायला हवं.

1915 च्या सप्टेंबरअखेर या फौजेने टायग्रिसच्या काठचं कूत घेतलं आणि बगदादच्या ओढीने ती आणखी वर सरकली. 22 नोव्हेंबरला टेसिफोनला तुर्की सैन्याशी तिची गाठ पडली. चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यानंतर जे घडलं ते गोळीपेक्षा वाईट होतं. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून खडबडीत रानातून नदीपर्यंत आणलं. मोडलेल्या मांडीचा माणूस त्या गाडीत कसा आला असेल, याचा विचारही सहन होत नाही. पुढे त्यांना बोटींवर खच्चून भरलं. 'मेजिदिया' नावाची अशी एक बोट बसऱ्याला लागली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले मेजर कार्टर धक्क्यावर होते. घाणीत लडबडलेली, दिवसचे दिवस मलमपट्टी न झालेली माणसं त्यांनी पाहिली आणि तसा लेखी अहवाल दिला. वरिष्ठांनी आधी त्यांनाच दमात घेतलं. पण त्यांची साक्ष पुढे या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनसमोर आली, 1917 मध्ये कमिशनचा अहवाल छापला गेला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. शरीरावरच्या जखमांची निदान एवढी तरी चौकशी झाली.

उरलेली फौज 3 डिसेंबरला कूतला परतली आणि 7 डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. 29 एप्रिल 1916 पर्यंत, म्हणजे 147 दिवस, नदीच्या एका वळणात ही माणसं कोंडली गेली. नाताळच्या आदल्या रात्री तुर्कांनी तिथल्या मातीच्या किल्ल्यावर मोठा हल्ला चढवला, तो परतवणाऱ्यांत 103 मराठाची माणसं होती. पण असे लढाईचे दिवस थोडे. बाकीचे सारे दिवस वाट पाहण्याचे. खंदकात पाणी भरायचं, ते उपसायचं, पुन्हा चिखलात उभं राहायचं. खालच्या अंगाने सुटकेसाठी दुसरी फौज येत होती. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नायात इथे लढाया होत होत्या आणि त्या तोफांचा आवाज कूतमध्ये ऐकू यायचा. आवाज जवळ आला की माणसं कान टवकारून बसत. मग तो थांबे. कूतमधली माणसं सोडवण्याच्या त्या प्रयत्नांत सुमारे 23,000 माणसं मेली वा जखमी झाली, म्हणजे वेढ्यात होती त्यापेक्षाही कितीतरी अधिक. ती सुटका पोहोचलीच नाही. लढाईत माणूस काहीतरी करत तरी असतो. इथे आशा दर पंधरवड्याला उभी राहत होती आणि कोसळत होती, आणि हातात करण्यासारखं काही नव्हतं. मला वाटतं, आबांची झोप तिथेच मोडली असावी.

मग अन्न. धान्य संपत आलं तसा शिधा कापला जाऊ लागला. अखेरीस हिंदी शिपायाला दिवसाकाठी मूठ-दोन मुठी पीठ उरलं. विमानांतून पोती टाकण्याचा प्रयोग झाला. वेढलेल्या फौजेला आकाशातून अन्न टाकण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न मानतात. पण काही पोती नदीत पडली, काही शत्रूच्या हद्दीत. ज्या माणसाने आपल्या वाट्याचं पीठ औंसात मोजून घेतलं, त्याच्यासमोर नंतर कुणी मोजून भाकरी ठेवली तर त्याच्या मनात काय हलत असेल? आमच्या घरातल्या त्या निरक्षर बाईला औंस ठाऊक नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि टोपली पुढे ठेवली.

वेढ्यात तोफा ओढणारे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी आठवडेच्या आठवडे ते नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवण्यात आल्या, त्या आल्याही, तरी माणसं बधली नाहीत. एप्रिलच्या मध्यानंतर, अगदी हातपाय गळाले तेव्हा, पुष्कळांनी खायला सुरुवात केली. सेनापतीने यात हटवादीपणा पाहिला आणि वेढा लवकर संपण्याचा दोष त्यावर टाकला. गावातून आलेल्या मला यात दुसरंच दिसतं. शिपाई सांगत होते, की आम्ही घोडं खाल्लं हे गावात कळलं तर आमच्या मुलींना सोयरीक मिळणार नाही. हजारो कोस लांब, मरणाच्या दारात बसलेला माणूस आपल्या पोरीच्या लग्नाची काळजी करत होता. त्याच्या मनाला घराशी बांधणारा तेवढाच एक धागा राहिला होता, आणि तोही तोडायला त्याला सांगितलं जात होतं. उपाशी मेलास तर पोरीला बाप नाही, खाऊन जगलास तर पोरीला घर नाही. असा पेच ज्याने महिने न् महिने सोसला, त्याच्या मनाची हालत काय झाली, हे त्या वेळच्या एकाही रकान्यात भरलेलं नाही.

शरीराचे रकाने मात्र बारकाईने भरले गेले. वेढ्यातले प्रमुख डॉक्टर कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी नोंदवलं, की घोड्याचं मांस खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना स्कर्व्ही झाला नाही पण पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी झाला, तर आटा खाणाऱ्या हिंदी शिपायांना बेरीबेरी झाला नाही पण स्कर्व्हीने त्यांच्या हिरड्या कुजल्या. आहारशास्त्राच्या इतिहासात ही नोंद मोलाची ठरली. डॉक्टरांनी रानातली भाजी वेचून शिजवायला लावली आणि त्याने थोडी माणसं वाचली. या कामाबद्दल मला आदर आहे. पण ज्या नजरेने हिरड्या पाहिल्या, तीच नजर माणसाच्या मनाकडे वळली की 'मनोधैर्य खचलं', 'पळपुटे', 'स्वतःला इजा करून घेणारे' असे शेरे लिहू लागायची. कूतमधून काही हिंदी शिपाई तुर्कांकडे पळून गेले, काहींनी आपल्याच हाताने स्वतःला जखमी केल्याचा ठपका आला. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. माणूस मनाने मोडला की हेच करतो, आणि त्याला आजार म्हणायचं की गुन्हा, हे तो कोण आहे त्यावरून ठरत होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

फ्रान्सच्या आघाडीवर हा भेद आणखी उघडा दिसतो. हिंदी फौज 1914 च्या सप्टेंबरअखेर मार्सेयला उतरली. 28 ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावावर ज्यांनी हल्ला केला, त्यांत आपल्या खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी त्या एका दिवसात मारले गेले किंवा जखमी झाले. त्या सुरुवातीच्या आठवड्यांत हाताला गोळी लागलेले हिंदी जखमी फार दिसू लागले आणि संशय पसरला, की हे लोक मुद्दाम हात खंदकाबाहेर काढतात. ब्रायटनच्या किचनर हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी 1915 मध्ये एक हजार जखमा तपासून अहवाल दिला, की स्वतःहून जखम करून घेतल्याच्या तर्काला आधार मिळत नाही. पण संशयाने जे करायचं ते केलंच होतं. सेटन यांच्याच हॉस्पिटलात बऱ्या होणाऱ्या शिपायांना आवाराबाहेर मोकळं फिरायला बंदी होती. त्या कोंडमाऱ्यात गोडबोले नावाच्या एका सब-असिस्टंट सर्जनने खुद्द सेटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि तो तुरुंगात गेला. ब्रायटनचा राजवाडा हिंदी जखमींसाठी उघडला, याची छायाचित्रं सरकारने जगभर वाटली. त्या छायाचित्रांत गोडबोले नाहीत.

बरे झालेल्या शिपायाला पुन्हा खंदकात पाठवत. एकदा जखमी होऊन मिठाला जागलो, आता घरी जाऊ द्या, अशी त्यांची समजूत होती. करार तसा होता की नाही हा भाग वेगळा, पण त्यांच्या मनात तो करार होता. पत्रं लिहून घ्यायची तर कारकुनाकडून, वाटेत ती तपासणार सरकारचे लोक, आणि गावात वाचून दाखवणार मास्तर किंवा कुलकर्णी. बायकोला काही सांगावं, तर ते साऱ्या चावडीने ऐकायचं. म्हणून शिपाई आडून बोलत. काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरात आहे, असं लिहिलं की हिंदी माणसं मेली आणि गोरे आले, हे घरच्यांनी समजायचं. टपाल तपासणारे अधिकारी कॅप्टन हॉवेल यांना 1915 च्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट दिसली. शिपाई पत्रांतून कविता करू लागले होते. हॉवेल यांनी वर कळवलं, की ही मनाच्या अस्वस्थतेची काळजी करण्याजोगी खूण वाटते. त्या सगळ्या कागदपत्रांत हिंदी शिपायाच्या मनाकडे माणसाचं मन म्हणून पाहणारी ही नोंद मला फार मोठी वाटते. दुर्दैव एवढंच, की ती लष्कराच्या उपयोगासाठी होती, उपचारासाठी नव्हती.

त्याच वर्षी, फेब्रुवारी 1915 मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेल शॉकवर, म्हणजे लढाईने मनाला बसणाऱ्या धक्क्यावर, लेख लिहिला. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात असे सुमारे 80,000 रुग्ण नोंदले गेले. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्टमध्ये अधिकाऱ्यांसाठी हॉस्पिटल निघालं. तिथे रिव्हर्स नावाचे डॉक्टर रुग्णांना बोलतं करत, त्यांची स्वप्नं ऐकून घेत. सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे कवी तिथलेच रुग्ण. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला इतका जिव्हाळा आला नाही. भित्रेपणा किंवा पलायन या आरोपाखाली गोळी घातलेल्या तीनशेवर माणसांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती 2006 मध्ये. आणि हिंदी शिपाई तर त्या उतरंडीच्या पार तळाशी. त्याच्याबद्दल साहेबांनी एक सिद्धांतच करून ठेवला होता, की त्याचा गोरा अधिकारी मेला की तो हताश होतो. त्याला स्वतःची भीती, स्वतःचं दुःख असेल, हे त्या सिद्धांतात बसत नव्हतं.

कूत पडलं तेव्हा सुमारे 13,000 माणसं कैद झाली. टाउनशेंडला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर आरामात ठेवलं. शिपायांना चालवलं. आधी शुमरान, मग बगदाद, समारा, मोसूल आणि तिथून वाळवंटातून रास-अल-ऐन. पायातले बूट पिठाच्या बदल्यात गेले, उरलेले चोरीला गेले. मागे पडला तो संपला. रास-अल-ऐनला बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामावर हिंदी कैद्यांना जुंपलं. सुमारे 10,000 हिंदी माणसांपैकी जवळजवळ 3,000 परत आली नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचं शेवटी काय झालं याचा पत्ताच लागला नाही. गोऱ्या शिपायांचे हाल आणखी वाईट झाले, त्यांच्यातली दोनतृतीयांशाहून अधिक माणसं कैदेत गेली. ज्या मातीत हे कैदी खडी फोडत होते, त्याच रास-अल-ऐनला आर्मेनियन लोकांचे तांडे मरणासाठी हाकून आणले गेले होते. बायका-मुलांचं ते मरण या शिपायांनी पाहिलं. आबांनी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. ते कधीच बोलले नाहीत. पण लहान पोर फार वेळ रडत राहिलं तर ते उठून शेताकडे निघून जात, असं सासूबाई सांगत.

आबा 1919 मध्ये घरी आले. ज्या गावासाठी जीव धरून ठेवला ते गाव तोवर बदललं होतं. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात दहा लाखांवर बळी घेतले होते, वर पाऊस गेला होता आणि धान्य महागलं होतं. आबांची आई आणि एक भाऊ त्या साथीत गेले. लढाईवर गेलेला परत आला आणि घरी राहिलेले गेले. त्याचा आनंद करायचा की सुतक पाळायचं, हे घराला कळेना. अशा घरात आबांच्या रात्रीच्या ओरडण्याला जागा कुठे असणार? सगळ्यांनाच दुःख होतं. लोक म्हणाले, बसऱ्याहून काहीतरी लागिर घेऊन आलाय. देवऋषी झाला, उतारे झाले, शिंगणापूरला नवस झाला. मी त्या उपायांना हसत नाही. सरकारने एक मेडल, थोडी पेन्शन आणि गावाला एक पाटी दिली होती. रात्री ओरडणाऱ्या माणसाजवळ बसायला देवऋषी तरी आला.

गावाने त्यांना एकच प्रश्न विचारला, आणि तोही पाठीमागे. घोडं खाल्लं का? आबांच्या दोन्ही मुलींची लग्नं उशिरा झाली. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात आजही कुणाला माहीत नाही, आणि मला ते नकोच आहे. तू कसा आहेस, हे मात्र त्यांना कुणी विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

माझे यजमानही मराठा लाइट इन्फंट्रीतले. काश्मीरच्या ताबारेषेवर राहून आलेले. पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा पहाटे मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ते ज्या वेगाने उठून माझ्या मनगटावर आले, त्याने मी घाबरून भिंतीला टेकले. दुसऱ्याच क्षणी ते स्वतः माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. सासूबाई बाहेर चूल पेटवत होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि थोरल्या आबांच्या बायकोचा तो उंबऱ्याचा नियम त्या दिवशी मला सांगितला. तीन पिढ्यांमधून हे ज्ञान माझ्यापर्यंत आलं होतं. पोथीत नाही, लष्कराच्या कागदात नाही, बायकांच्या तोंडून.

बंगालमध्ये अशाच एका बाईने हे कागदावर उतरवलं. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे कूतच्या वेढ्यातले डॉक्टर, 1917 मध्ये रास-अल-ऐनच्या कैदेत वारले. त्यांची घरी आलेली पत्रं त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, म्हातारपणी एकत्र केली आणि 1928 मध्ये 'कल्याण-प्रदीप' नावाचं पुस्तक काढलं. बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी यांनी कैदेत डायरी लपवून जपली, त्यावरून झालेलं त्यांचं 'अभि ले बगदाद' 1957 मध्ये आलं. ते दोघे शिकलेले होते, त्यांच्या घरी लेखणी होती. तीन मराठा पलटणींतल्या शिपायांच्या घरी ती नव्हती. त्यांची आठवण बोलण्यातच राहिली, आणि बोलणारी माणसं एकेक करून जात आहेत.

दगडावरही त्यांना नाव मिळालं नाही. बसऱ्याचं स्मारक 1929 मध्ये उघडलं, त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक फक्त आकडा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने 2021 मध्ये आपल्या अहवालात अशा भेदाची कबुली दिली आणि माफी मागितली. मेलेल्यांना शंभर वर्षांनी का होईना, माफी तरी मिळाली. मनाने मोडून परत आलेल्यांची यादी करायला कमिशनकडे कागदच नाहीत. ते कागद कुठे असतील तर आपल्या घरांत.

म्हणून सैनिकांच्या घरातल्या लेकी-सुनांना माझी विनंती आहे. सासूने, आजीने तुम्हाला जे सांगितलं ते लिहून काढा. त्यांना कसं उठवायचं, कोणता आवाज करायचा नाही, काय वाढायचं, कोणता विषय काढायचा नाही, सगळं. शुद्धलेखनाची काळजी करू नका, तारीख आठवत नसेल तर सोडून द्या, पलटणीचं नाव तेवढं लिहा. एक प्रत गावच्या शाळेत द्या. आणि आज तुमच्या घरात कुणी निवृत्त होऊन आला असेल आणि त्याला रात्र जड जात असेल, तर उंबऱ्यावरून हाक मारण्यावर थांबू नका. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएसच्या दवाखान्यात त्याच्यासोबत जा आणि मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागा. थोरल्या आबांच्या बायकोला अशी दारं नव्हती. तुम्हाला आहेत.